मोठ्याईचा दहावा

"मॅडम, तुमच्या नावाने दहाव्याची पत्रिका आलीय," असं म्हणून दिगंबर लोखंडेने एक कार्ड माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. दिगंबर आमच्या मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर. त्याचा चेहरा असा झाला होता की हसतोय की रडतोय ते कळेना.

"कोण गेलं?"

"मोठ्याई."

"दिगंबर, सकाळी सकाळी फाजीलपणा नको हं. दुपारपर्यंत दोन सीन द्यायचेत मला."

"आईशप्पथ मॅडम. वाचा की तुम्हीच."

वाचलं. जाड कागदावर काळ्या अक्षरांत रीतसर छापलेलं होतं. 'आम्हा सर्वांच्या मोठ्याई यांचे दि. १३ रोजी सायंकाळी सात वाजता दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी दि. २२ रोजी सकाळी साडेआठ वाजता नदीच्या घाटावर होईल.' खाली नाव होतं श्रीमती अंजनाबाई भोईटे आणि समस्त महिला मंडळाचं. गाव आमच्या सेटपासून तासाभराच्या अंतरावर, वाईच्या पलीकडे.

आता मोठ्याई नावाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती. ती मी लिहिली होती. मालिकेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर लगेच शीर्षकगीत गुणगुणायला लागाल. चार वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी सात वाजता. वाईजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात चित्रीकरण चालायचं आणि मी तिथेच माडीवर बसून संवाद लिहायची. मोठ्याई म्हणजे त्या घरातली थोरली. सगळ्यांचं पोटात घालणारी, देवावर भार टाकून मोकळी होणारी. ते काम हेमलता शिरगावकर करायच्या, वय अडुसष्ट. आणि तेरा तारखेच्या भागात मोठ्याई गेली. म्हणजे मीच तिला मारलं.

हेमाताईंचं शेवटचं चित्रीकरण होऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून त्या साताऱ्यात आपल्या खोलीवर रिकाम्या बसून होत्या. दुसरं काम नव्हतं, मिळण्याची चिन्हंही नव्हती. त्यांचे चार मिस्ड कॉल माझ्या फोनवर पडले होते आणि मी एकालाही उलट फोन केला नव्हता. करते करते म्हणत होते.

दिगंबरने पत्रिकेचा फोटो चॅनेलच्या निशांतला पाठवला आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"मॅडम, सोनं आहे हे, सोनं! कॅमेरा घेऊन जाऊ या. लेखिका स्वतः दहाव्याला, लोक रडतायत, पुढच्या आठवड्याचा प्रोमो झाला आपला."

"निशांत, हेमाताई जिवंत आहेत अरे."

"मग? दहावा कॅरेक्टरचा आहे ना?"

मी फोन ठेवला. पण बावीस तारखेला सकाळी सात वाजता त्याच्या गाडीत जाऊन बसलेच. खोटं कशाला सांगू, मलाही बघायचं होतं. आपल्या हातून लिहिलेल्या माणसासाठी कोण रडतंय ते बघायची हौस कुठल्या लिहिणाऱ्याला नसते!

घाटावर दोनशे माणसं तरी होती. बायकाच जास्त, कडेला काही पुरुष. पायरीवर पाट मांडून त्यावर घडी घातलेलं हिरवं लुगडं ठेवलं होतं, मोठ्याई नेसायची तसलं. पुढे समई होती. फोटो कुठेच नव्हता.

निशांतला ते चालेना. येताना त्याने हेमाताईंचा मोठा फोटो चौकट करून आणला होता, वर हार. तो घेऊन तो पाटाकडे निघाला तशी एक साठीची, काटक बाई पदर खोचत आडवी आली. कपाळ मोकळं, आवाज मात्र खणखणीत.

"त्यो फोटू गाडीत ठिवा."

"आजी, कॅमेऱ्यात काहीतरी दिसायला..."

"जित्या माणसाचा फोटू दहाव्याला लावत्यात व्हय? काय अक्कल हाय का न्हाई? त्या बाईंचं आयुष्य कमी करायचंय का तुमाला?"

ह्याच अंजनाबाई. निशांत फोटो घेऊन मुकाट्याने मागे फिरला. मी पुढे होऊन नाव सांगितलं तसे त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

"आलासा? मला वाटलं, टीव्हीची मानसं, हसत्याल आमाला."

मी म्हटलं, "नाही हो." मनातून आम्ही आठ दिवस हसतच होतो.

"आमाला कळतंय बरं का ताई," त्या म्हणाल्या, "खोटं असतंय त्ये. आमी काय येडी न्हाई. गुरुजींनी तर हातच जोडले, म्हनले गोत्र काय सांगू, आणि बाप कोन म्हनून सांगू. म्हनलं ऱ्हाऊ द्या, आमचं आमी करतो. चार वर्सं रोज सात वाजता घरात येत हुती ती. घरात येणारं मानूस गेलं तर काय उठून चॅनल बदलायचा?"

अंजनाबाईंनी मागे वळून हाक मारली, "सारिके, हिकडं ये. ह्या बघ, ह्या लिवतात."

एक तिशीची बाई पुढे आली आणि खाली वाकली. मी पाय मागे घेतले.

"ही माझी सून. माझा ल्योक ट्रॅक्टरखाली गेला, सहा वर्सं झाली. मी ह्या पोरीला त्याच महिन्यात हाकलली. पांढऱ्या पायाची म्हनून. असं बोलले मी हिला, भर वाड्यावस्तीत. जीभ झडली न्हाई माझी."

"आत्या, आता कशाला," सारिका म्हणाली.

"बोलू दे. मग मालिकेत मोठ्याईनं त्ये ताट वाढायला सुरू क्येलं. येणाऱ्याचं ताट. घरातली मानसं आठ, ताटं नऊ. म्हनली, ह्ये येणाऱ्याचं, कोन येईल त्ये द्येव ठरवील. मीबी वाढायला लागले. नातवंडं नव्हती हसायला, मी एकलीच. माझं एक आन् येणाऱ्याचं एक. तीन महिनं वाढलं, कोन येतंय? मग एक दिस घास हातात हुता आणि डोक्यात आलं, येणारं व्हतं त्ये मीच हाकललंय की. तशीच उठले, यष्टी धरली, हिच्या म्हायेरी ग्येले. हिच्या बापानं दार उघडलं न्हाई दोन तास. बसले पायरीव."

सारिका खाली बघत होती. मी तिच्यापेक्षा जास्त खाली बघत होते, कारण ते नववं ताट कुठून आलं ते मला माहीत होतं. जेवणाचा सीन होता. कलाविभागाच्या रवीने मोजण्यात चूक करून एक ताट जास्त मांडलं. अर्धा सीन झाल्यावर ते दिग्दर्शकाच्या लक्षात आलं. पुन्हा सगळं वाढून पहिल्यापासून करायचं म्हणजे तास जाणार, म्हणून तो ओरडला, "चारू, काहीतरी ओळ दे, त्या ताटाचं काहीतरी कर!" आणि मी जिन्यात उभ्या उभ्या, दात ओठ खात, ती ओळ लिहिली. हेमाताईंनी ती अशी म्हटली की लाइटवाल्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग ते ताट रोजच वाढायचं ठरलं, टीआरपीचे आकडे वर गेले म्हणून.

हे मी अंजनाबाईंना सांगितलं नाही. तेवढी लाज होती.

साडेनवाला पानं ठेवली. भाताचे गोळे, वर दही, मोठ्याईला आवडतात म्हणून बेसनाचे लाडू. मालिकेत मी एकदाच तसं लिहिलं होतं, ते ह्यांच्या लक्षात. सगळे दहा पावलं मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते. पिंपळावर चांगले सात-आठ. एकही खाली येईना.

अर्धा तास गेला. एकेक बाई पुढे होऊन हात जोडून सांगायला लागली. "मोठ्याई, तुमच्या नातीचं लगीन चांगल्या घरात हुईल." "धाकट्याला दारू सोडायला लावू." सगळी माझीच कथानकं, एकेक करून नदीला सांगितली जात होती. निशांत कॅमेरावाल्याला कोपराने ढोसत होता, "घे, हे घे." कावळे मान वाकडी करून बघायचे आणि परत पिसं साफ करायला लागायचे.

साडेदहा वाजले. ऊन चढलं. अंजनाबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमी लिवलीय तिला. काय ऱ्हायलंय तिच्या मनात, तुमालाच म्हाईत असंल. सांगा की."

दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली, आणि कॅमेराही.

मला माहीत होतं. तिच्या मनात काय राहिलं होतं ते जगात मला एकटीलाच माहीत होतं.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. हेमाताई ओळी विसरायला लागल्या होत्या. एकेका सीनला पंधरा-पंधरा टेक. चॅनेलकडून निरोप आला, मोठ्याईचा ट्रॅक आवरा, कसा आवरायचा ते तुम्ही बघा. म्हणजे ते माझ्यावर होतं. त्याच दिवशी हेमाताई माडीवर माझ्या खोलीत आल्या. मेकअप तसाच, हातात पदराचं टोक.

"चारू, मला मारू नकोस गं," त्या म्हणाल्या. "काशीला पाठव. यात्रेला गेलेलं माणूस परत येऊ शकतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात, दोन-तीन महिन्यांत फरक पडेल म्हणालेत. नाही पडला तर राहू दे मला काशीतच. पण मारू नकोस. मारलंस की दार बंद गं."

मी म्हटलं, "बघते." आणि बघितलं नाही. काशी मिळमिळीत वाटली मला. मरणाचा भाग मात्र एका बैठकीत लिहून झाला, इतका सुरेख की माझं मलाच भरून आलं. चार वर्षांतला सगळ्यांत जास्त आकडा त्या भागाला आला, चॅनेलने केक कापला. मीसुद्धा खाल्ला.

तर घाटावर, दोनशे माणसांसमोर, एवढंच म्हणायचं होतं की तिला मरायचं नव्हतं, तिला काशीला जाऊन परत यायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, मग मारलंत का? आणि निशांत समोर उभा होता. पुढच्या मालिकेचं माझं बोलणं त्याच्याशीच चाललं होतं.

मी हात जोडले आणि म्हटलं, "मोठ्याई, घरच्या सुनांना आम्ही अंतर देणार नाही."

बायकांनी डोळे टिपले. कावळे जागचे हलले नाहीत.

सव्वाअकराला अंजनाबाईंनी दर्भाचा कावळा केला आणि पानाला शिववला. उठताना त्या माझ्याजवळ आल्या आणि बाकी कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "ऱ्हायलंय तिचं काय तरी. तुमी सांगत न्हाई एवढंच."

मला वाटलं, आता ह्या तोंड फिरवतील. पण त्या मला घरी घेऊन गेल्या. जेवायला बसवलं, आग्रह करकरून वाढलं. निघताना चार पुडांचा डबा माझ्या हातात दिला.

"ह्यो त्या बाईंना द्या. काम करायच्या त्या. भाकरी हाय, वांगं हाय, शेंगदान्याची चटणी. दहाव्याचं न्हाई बरं का ह्ये. ज्येचा दहावा त्येलाच त्ये अन्न कसं द्यायचं? पहाटं येगळ्या चुलीवर क्येलंय, ह्या सारिकेनं आंघूळ करून. बऱ्या हायत न्हवं त्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. मला काय माहीत होतं डोंबल!

निशांतला वाईत सोडून मी तीच गाडी साताऱ्याला न्यायला लावली. दुपारी अडीचच्या सुमाराला हेमाताईंचं दार वाजवलं. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून इतक्या खुलल्या की मला पळून जावंसं वाटलं.

"चारू! अगं ये, ये. बस, तो पंखा लाव. जेवलीस?"

एका शब्दाने त्यांनी विचारलं नाही, की फोन का नाही घेतलास. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी डबा दिला आणि सगळं सांगितलं. आधी दबकत, मग त्या ऐकायला लागल्या तशी रंगवून.

"किती माणसं होती?"

"दोनशे तरी असतील."

"अगं बाई! माझ्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाला साठ होती." त्या हसल्या. "फोटो लावला होता का माझा?"

"नाही. जिवंत माणसाचा लावत नाहीत म्हणाल्या. निशांतला पिटाळून लावलं."

"शहाणी आहे बाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि काय काय झालं? सगळं सांग."

मी त्यांना सारिकाची गोष्ट सांगितली. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

"पण ते ताट तर चुकून..."

"माहितेय."

"त्या रवीने ताट जास्त ठेवलं म्हणून ती पोर घरी आली?"

"रवीने ठेवलं म्हणून नाही. तुम्ही म्हटलंत तसं म्हटलंत म्हणून."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मला ती ओळ अजून पाठ आहे, बघ. जुन्या सगळ्या आहेत, आणि आता नव्याही राहायला लागल्यात." आणि ती ओळ म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. म्हणजे गोळ्यांनी फरक पडत होता, नाहीतर पहिल्यापासून तेवढं काही बिघडलेलंच नव्हतं. पंधरा टेकचा आम्हाला कंटाळा आला होता, बस.

त्या चवीने जेवल्या. वांग्याचं भरभरून कौतुक केलं. मग बोटाने चटणी निपटत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कावळा शिवला का गं?"

आपल्याकडे ह्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. पिंडाला तासभर लागला तरी घरी आल्यावर विचारणाऱ्याला सांगायचं, हो, लगेच शिवला. समोरच्याच्या जिवाला बरं वाटतं. मी त्याच सवयीने बोलले. आणि खरं सांगायचं तर माझंही सुटत होतं त्यात.

"हो, लगेच. पान ठेवलं आणि आलाच."

"लगेच?"

"हो ना. सगळे म्हणाले, किती समाधानाने गेली."

हेमाताईंचं बोट डब्याच्या कडेला थांबलं. मग त्यांनी हात डब्यातच धुतला, सावकाश, एकेक बोट.

"म्हणजे काही राहिलं नव्हतं तिचं," त्या म्हणाल्या. "मी उगाच धरून बसले होते. मला वाटलं होतं, थोडा तरी थांबेल तो."

सांगायला हवं होतं. नाही आला हो हेमाताई, पावणेदोन तास सगळं गाव उन्हात उभं होतं, एकही कावळा खाली उतरला नाही, शेवटी दर्भाचा करावा लागला. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण ते बोलायचं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं. तुमची काशी मी लिहू शकत होते, कुणी अडवलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं असतं.

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "निघते मी. गाडी थांबलीय."

"हो हो, निघ. उशीर नको करू." त्या दारापर्यंत आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. "छान लिहिलं होतंस हं मरण. मी बघितलं त्या दिवशी. मलाच रडू आलं."

ह्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर हेमाताई सव्वा वर्ष होत्या. मी मधूनमधून फोन करायची, आधीपेक्षा जास्तच. आधीच्या काळात त्यांनी फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काही आहे का गं माझ्यासाठी?" त्या दुपारनंतर त्यांनी हे एकदाही विचारलं नाही. हवापाण्याचं बोलायच्या, माझ्या मुलीची चौकशी करायच्या, आणि चल, तुझं काम खोळंबलं असेल म्हणून त्याच फोन ठेवायच्या.